सांडपाण्याला विरजण लावताना

दोन वर्षांमागच्या गणेशचवथीला, दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकली आणि गोव्यातल्या आमच्या मूळ घराचा संडास तुंबला. घरात तेव्हा 31 माणसं होती. एरवी तिथे काका, काकी, चुलतभाऊ आणि वहिनी अशी चारच राहतात. पण चवथ आली की वास्को-पणजीपासून मुंबई-पुण्यापर्यंत पांगलेलं सगळं घराणं एका माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवाखाली, येतं.

पुढचा तासभर घरात एकच चर्चा: सेप्टिक टँकचं झाकण कुठे आहे? काका म्हणाले, तुळशीच्या मागे. तिथे आता पेव्हर बसवलेले. आत्या म्हणाली, "छे रे, टाकी बांधली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. न्हाणीच्या भिंतीला लागून आहे ती." आत्याचंच खरं निघालं. आठ पेव्हर उखडल्यावर झाकण सापडलं. टँकर मात्र त्यानंतर दोन दिवसांनी मिळाला, कारण त्या सणात तालुक्यात आमच्यासारखे बरेच जण अंगणं खोदत बसले होते.

टँकर आला तेव्हा भाऊ टॉर्च घेऊन टाकीत वाकून बघायला लागला. टँकरवाल्याने त्याला खांद्याला धरून मागे खेचलं आणि वर दोन शिव्याही हासडल्या. बरोबरच होतं त्याचं. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर माणूस सावध असतो. वायू फार वाढला की नाक बधिर होतं आणि वास यायचाच थांबतो. टाकीत उतरून माणसं जातात ती अशी. आधी एक, मग त्याला काढायला उतरलेला दुसरा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

टाकी उपसून झाली आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा चढलं. मग लक्षात आलं की दोष टाकीत कमी आणि सोकपिटात, म्हणजे टाकीतून येणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, जास्त होता. भाद्रपदात आमच्या विहिरीचं पाणी काठावर बसून तांब्याने काढता येईल इतकं वर येतं. म्हणजे त्याच अंगणातलं सोकपिटही खालून भरलेलं. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतायचं कसं?

त्या दिवसापासून मला या विषयाचा नाद लागला. घराबाहेर गेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, आणि एखाद्या लहान गावाला ते नीट शुद्ध करायचं तर काय करावं लागतं, ते विचारत फिरलो. जे कळलं ते सांगतो.

ऑगस्ट 2022 मध्ये 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारं गोवा देशातलं पहिलं राज्य ठरलं. घरोघरी नळ आला, चांगलं झालं. पण इंजिनियर लोकांचा एक साधा आडाखा आहे: घरात आलेल्या पाण्यातलं सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून जलवाहिनीने गावात येणारं पाणी आपण मोजतो, त्याचं बिल भरतो. जाणाऱ्या पाण्याचं ना मीटर, ना बिल.

आजीच्या काळी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. पाणी विहिरीतून कळशीने यायचं, त्यामुळे बेताने वापरलं जायचं. न्हाणीचं पाणी पाटाने माडाच्या आळ्यात, भांडी घासलेलं पाणी परसातल्या केळी-अळवाला. संडासाची व्यवस्था बऱ्याच गावांत डुकरांकडे होती. पाहुण्यांनी त्यावरून गोव्याची पुष्कळ थट्टा केली, पण त्या व्यवस्थेला पाणी लागायचं तांब्याभर. वाहून नेण्यासारखं काही उरतच नसे. मग फ्लश आला. एकदा साखळी ओढली की सहा ते दहा लिटर पाणी, आणि तेही प्यायच्या लायकीचं.

सेप्टिक टँकबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे, की त्यात पाणी शुद्ध होतं. ते शुद्ध होत नाही, फक्त निवळतं. जड मैला तळाला बसतो, तेल-चरबीची साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. तळाचा गाळ हवेवाचून जगणारे जंतू सावकाश कुजवत राहतात. पाण्यातली घाण जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने, फार तर निम्म्याने कमी होते. रोगजंतू तर बहुतेक सगळे तसेच पुढे जातात. खरं काम करते ती सोकपिटाभोवतीची माती. ती पाणी हळूहळू गाळते आणि तिच्यातले जंतू उरलेली घाण खातात.

आता गोव्याची माती बघा. वर थोडी लाल माती आणि खाली जांभा. चिरे काढणाऱ्या कुणालाही विचारा, चिऱ्याच्या पोटात किती भोकं आणि पोकळ्या असतात ते. बारीक माती पाण्याला अडवून अडवून सोडते; जांभ्यात पाण्याला वाट सापडली की ते सुसाट जातं. म्हणून विहीर आणि सोकपिट यांत निदान 15 ते 18 मीटर अंतर ठेवावं असं सांगतात. आता नवीन वसाहतींतले प्लॉट बघा: 300 चौरस मीटर, म्हणजे साधारण पंधरा बाय वीस. आपल्या विहिरीपासून अंतर राखायला आपण सोकपिट कुंपणाजवळ नेतो, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याची विहीर असते.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका अंगणात एक टाकी आणि शेजारच्या अंगणात दुसरी, ही पद्धत विरळ वस्तीत चालून गेली. घरं एकमेकांना चिकटली की सगळ्यांचं पाणी एका ठिकाणी आणून शुद्ध करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पाच हजार वस्तीचं एक गाव धरा. माणशी रोज 100 लिटर पाणी, त्यातलं 80 लिटर सांडपाणी. झाले रोजचे 4 लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण पणजीला टोंक इथला सांडपाणी प्रकल्प बांधला तो दिवसाला 125 लाख लिटरचा. त्याच्या तुलनेत आपलं गाव म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक.

या 4 लाख लिटरमध्ये घाण किती? सांडपाण्यात 99.9 टक्के पाणीच असतं. सगळा खेळ उरलेल्या एक दशांश टक्क्याचा. ती घाण मोजायची रीत मला फार आवडली. घाणीचं वजन करत बसायचं नाही. ती खाऊन संपवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल ते मोजायचं. बाटलीत नमुना भरून बंद करायचा, 27 अंश तापमानाला तीन दिवस ठेवायचा आणि आतला प्राणवायू किती घटला ते बघायचं. याला बीओडी म्हणतात. इतर देशांत ही चाचणी 20 अंशांना पाच दिवस करतात. आपल्याकडच्या उकाड्यात जंतू भराभर खातात म्हणून तीन दिवस पुरतात.

घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम असतो. आपल्या नदीच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. भागाकार करा. एक लिटर कच्चं सांडपाणी तीसेक लिटर नदीचा श्वास कोंडू शकतं. वहाळात मासे पोट वर करून तरंगताना दिसले की आपण म्हणतो कुणीतरी विष टाकलं. बऱ्याचदा विष वगैरे काही नसतं, नुसते गुदमरलेले असतात बिचारे. तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्या तर तळाशी बसून पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले रोगजंतू त्यांच्या पोटात साठतात आणि तिथून आपल्या ताटात येतात.

म्हणजे सांडपाणी शुद्ध करणं म्हणजे काय? नदीत जे जेवण जंतू नदीचा प्राणवायू वापरून जेवणार, तेच जेवण त्यांना आधी टाकीत, आपण पुरवलेल्या हवेवर जेवायला घालायचं. बस्स. पाईप, पंप, पॅनेल, सगळा थाट त्या पंगतीसाठी.

गेल्या मे महिन्यात फोंडा तालुक्यातल्या एका वसाहतीचा छोटा प्रकल्प बघायला गेलो. दीडशे फ्लॅट, मागच्या बाजूला कुंपणात चार टाक्या आणि एक पत्र्याची खोली. तिथला ऑपरेटर सत्तरी तालुक्यातला, पंचविशीतला मुलगा. आधी त्याने मला लोखंडी जाळी दाखवली. पाणी आत येताना जे यायला नको ते इथे अडतं: सॅनिटरी पॅड, वेट वाइप, गुटख्याची पाकिटं, नारळाच्या शेंड्या आणि एकदा, तो म्हणाला, अख्खी कवळी. "मालक विचारायला आला नाही," एवढं सांगून तो पुढे गेला.

जाळीनंतरची टाकी नुसती साठवणीची. सकाळी सहा ते नऊ सगळी वसाहत एकदम आंघोळ करते आणि दुपारी कुणी नसतं. पुढच्या जंतूंना असा एकदम उपास आणि एकदम मेजवानी सोसत नाही, म्हणून पाणी इथे थोपवून सारख्या धारेने पुढे सोडतात.

मग खरी टाकी. खाली ब्लोअरची हवा, सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे आणि वर चॉकलेटी रंगाचं ढवळत असलेलं पाणी. मी नाकाला रुमाल लावून गेलो होतो, लागला नाही. वास होता पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. तो म्हणाला, "हा वास असला की मी निवांत. काळं पडलं, कुजका वास आला, की समजायचं हवा कमी पडली."

त्याने एक लिटरचं काचेचं नळकांडं टाकीत बुडवून भरलं आणि कट्ट्यावर ठेवलं. घड्याळ लावलं, अर्धा तास. आम्ही चहा प्यायलो. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही, नुसता गढूळपणा. मग त्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले, एकमेकांना चिकटून जड झाले आणि हळूहळू खाली उतरले. अर्ध्या तासाने वर स्वच्छ पाणी आणि तळाशी, 300 च्या खुणेपर्यंत, चॉकलेटी थर. त्याने वहीत आकडा लिहिला. "थर खूप वर राहिला तर जंतू बिघडले किंवा फार झाले. अगदी खाली गेला तर कमी पडले." करोडोंच्या प्रकल्पाची रोजची तब्येत तपासायला एवढंसं नळकांडं पुरतं, हे बघून मला बरं वाटलं.

तो थर म्हणजेच जिवंत जंतू. आणि इथेच या विद्येची मेख आहे. निवळलेलं पाणी पुढे जातं, पण तळाचा गाळ फेकायचा नाही. त्यातला बराचसा उचलून परत हवेच्या टाकीत टाकायचा. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावतो तसं. 1914 मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी हे दाखवून दिलं. सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध होतं हे आधीही ठाऊक होतं, पण त्याला आठवडे लागायचे. गाळ दर वेळी ओतून न देता त्यावरच नवं सांडपाणी घालत गेल्यावर तेच काम काही तासांत व्हायला लागलं. आज जगभरातले बहुतेक मोठे प्रकल्प याच विरजणावर चालतात.

विरजण मुळात आणायचं कुठून? दुसऱ्या चालू प्रकल्पातून टँकरभर गाळ आणतात. तो नसेल तर शेण, गूळ आणि थोडा युरिया. मी हसलो तर तो मुलगा म्हणाला, "हसू नका, दोन पोती गूळ मी स्वतः कालवलाय."

टोंकच्या प्रकल्पात हीच क्रिया जरा निराळ्या रीतीने होते. तिथल्या पद्धतीला एसबीआर म्हणतात. हवा देण्याची टाकी वेगळी, निवळण्याची वेगळी असं न करता सगळं एकाच पातेल्यात पाळीपाळीने: भरायचं, हवा द्यायची, हवा बंद करून निवळू द्यायचं, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं, पुन्हा भरायचं. एक टाकी निवळत असते तेव्हा दुसरी भरत असते. जागा कमी लागते, पण झडपा वेळेवर उघडायला-मिटायला यंत्र बिनचूक हवं.

निवळून आलेलं पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी त्यात रोगजंतू शिल्लक असतात. म्हणून शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणं. मग ते पाणी बागेला, फ्लशला वापरता येतं किंवा नदीत सोडता येतं. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार महानगरं सोडून इतरत्र बीओडी 30 पर्यंत चालत होता. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही मर्यादा 10 वर आणायला सांगितलं. 250 पासून 10. विरजण चांगलं असेल तर हे होतं.

आणि ते चांगलं राहत नाही, हेच तर दुखणं आहे. त्या वसाहतीतले निम्मे फ्लॅट दिल्ली-मुंबईच्या लोकांचे. वर्षातले दहा महिने कुलूप. जंतू उपाशी. मग नाताळाच्या आठवड्यात प्रत्येक फ्लॅटमध्ये आठ-आठ माणसं, शिवाय तळणीचं तेल थेट सिंकमध्ये. तेलाचा थर हवेच्या टाकीत पसरला की बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात जायला अडथळा होतो. कुणीतरी दर रविवारी बाटलीभर जंतुनाशक संडासात ओततो. ते संडासातले जंतू मारतंच, पुढच्या टाकीतलेही मारतं. वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं की काही तासांत सगळं विरजण काळं पडायला लागतं. प्रकल्पाच्या विजेतला निम्मा किंवा जास्तच खर्च त्या ब्लोअरचा, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत काटकसरीची पहिली सूचना ब्लोअर बंद ठेवण्याचीच येते.

आणि पाऊस. लोक छपराचं पाणी गुपचूप सांडपाण्याच्या चेंबरात सोडतात, कारण अंगणात साचलेलं बघवत नाही. जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून भूजलही आत शिरतं. जुलैत प्रकल्पाला पाणी येतं दुप्पट-तिप्पट, पण त्यात अन्न पातळ, आणि जोराच्या धारेने तळाचं विरजणच वाहून जातं. त्या मुलाच्या वहीत जून ते सप्टेंबरचे आकडे बघितले तर ताप आलेल्या माणसाचा तक्ता वाटतो.

उरलेल्या गाळाचंही बघावं लागतं. जंतू वाढतात तसा जास्तीचा गाळ काढावाच लागतो. देशावर तो वाळूच्या वाफ्यांत पसरून उन्हात वाळवतात आणि खत म्हणून नेतात. इथे चार महिने ऊनच नाही. म्हणून गोव्यात वाफ्यावर छप्पर तरी हवं, नाहीतर गाळ पिळून काढणारं यंत्र हवं. छापील आराखड्यात ही गोष्ट ठळक दिसत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते.

यंत्रांशिवाय काही होतं का? होतं. सेप्टिक टँकमधून निवळलेलं पाणी खडी भरलेल्या वाफ्यातून आडवं, सावकाश जाऊ द्यायचं आणि वर कर्दळ, पाणकणीस लावायचं. खडीला चिकटलेले जंतू घाण खातात, मुळं त्यांना आसरा देतात. वीज जवळजवळ लागत नाही. पण जागा लागते, माणशी एक-दोन चौरस मीटर. पाच हजारांच्या गावाला हिशेब केला तर एकरापासून अडीच एकरांपर्यंत जातो, आणि गोव्यात आज ज्याच्याकडे तेवढी सपाट जमीन आहे तो तिच्यात कर्दळ लावणार नाही. दीड-दोनशे माणसांच्या वाड्याला मात्र एक प्लॉट पुरतो. आजीच्या परसातल्या अळवाचंच हे शिकलेलं भावंड आहे. फक्त खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, करू नका. भरतीचं पाणी चढलं की वाफा आणि खाडी एकच.

मडगावला शिरवडे, वास्कोला बायणा, पणजीला टोंक. गोव्यातले मोठे प्रकल्प शहरांत आहेत आणि वाहिन्या टाकायला खास महामंडळही आहे. पण दारातून वाहिनी गेली तरी घरजोडणी घ्यायला लोक टाळाटाळ करतात. स्वतःचं अंगण फोडायचं आणि वर पैसे भरायचे, कशाला? सोकपिट चाललंय की. अशाने प्रकल्पाला पुरेसं सांडपाणीच मिळत नाही आणि विरजण पुन्हा उपाशी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वाहिन्या पोहोचायला वेळ लागणाऱ्या गावांनी आधी वाईकडे बघावं. सातारा जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं वाई, वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास. तिथल्या नगरपालिकेने ठरवलं की टाकी तुंबल्यावर टँकर बोलावायचा नाही. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा, पाळी लावून, उपसायचीच. 2018 पासून ते सुरू झालं आणि उपसलेल्या मैल्यासाठी वेगळा प्रकल्प बांधला. रात्री वहाळाच्या पुलावर थांबून मैला खाली सोडणाऱ्या टँकरवरचा उपायही त्यातच आला. आपल्याकडे असा टँकर बघितलेला माणूस प्रत्येक गावात सापडेल. नंबर कुणीच टिपून घेतलेला नसतो.

आमच्या घरी सध्या एवढंच झालंय, की टाकी एप्रिलमध्ये उपसतो. तेव्हा भूजल खाली असतं आणि सोकपिटालाही दम घ्यायला वेळ मिळतो. ऐन पावसात टाकी पूर्ण रिकामी करायलाही जपावं लागतं. विशेषतः प्लास्टिकची असली तर खालच्या पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाते. भावाने न्हाणीच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने बाण काढून उपशाची तारीख लिहिली. चवथीला पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतं म्हणून काकीने त्यापुढे मोठी तगरीची कुंडी आणून ठेवली, नेमकी झाकणावर. दोघांनी मिळून ती हलते का ते आधीच बघून ठेवलंय.